खोलकर सर

तंत्रनिकेतन सरकारी असो की संस्थेचं, तिथे एक लोखंडी कपाट हमखास असतं. त्या कपाटात पीएलसी असतो. कपाटाची किल्ली विभागप्रमुखांच्या ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरची किल्ली विभागप्रमुखांच्या खिशात आणि विभागप्रमुख मीटिंगला. पीएलसी म्हणजे प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर. कारखान्यात कुठली मोटर कधी सुरू करायची, कुठला व्हॉल्व कधी बंद करायचा हे ठरवणारा डबा. तो अभ्यासक्रमात आहे, त्याच्यावर परीक्षेत प्रश्न येतो, म्हणून तो विकत घेतलेला असतो. आणि विकत घेतलेला असतो म्हणूनच कुलपात असतो. बिघडला तर लेखी खुलासा कोण देणार? मुलं त्याला कपाटाच्या काचेतून बघतात, त्याची आकृती पट्टीनं वहीत काढतात आणि ‘पीएलसीचे फायदे लिहा’ या प्रश्नाच्या उत्तरात ‘हाताळण्यास सोपा’ असं लिहून पूर्ण मार्क मिळवतात.

खोलकर सरांची सगळी नोकरी या कपाटाशी भांडण्यात गेली.

खोलकर हे त्यांचं आडनाव नव्हे. समोर दिसेल ती वस्तू खोलायची या सवयीमुळे मुलांनी ते बहाल केलंय. ते इतकं रुळलं की एकदा प्राचार्यांच्या सहीचं पत्रच ‘श्री. खोलकर यांस’ असं निघालं. सरांनी ते मुकाट्यानं घेतलं आणि पोच दिली. खरं आडनाव मी सांगणार नाही, कारण हा माणूस काही एकटा नाही. सांगली, संगमनेर, जळगाव, लातूर, जिथे म्हणून आयटीआय किंवा तंत्रनिकेतन आहे, तिथल्या इलेक्ट्रिकल विभागात डोकावून बघा. पन्नाशीचा गृहस्थ, शर्टाच्या खिशात पेन एक आणि टेस्टर दोन, बोटांवर सोल्डरिंगचे जुने चटके, गळ्यात तुळशीची माळ, आणि टेबलावर कशाचं तरी पोट उघडं. सापडलाच म्हणून समजा.

लग्नाला गेले की सर आधी हॉलचा मेन बोर्ड बघून येतात, मग वधूवरांना भेटतात. देवळात आरतीला उभे राहिले की बाकीचे डोळे मिटतात आणि सर कोपऱ्यातल्या त्या विजेवर चालणाऱ्या नगाऱ्याकडे बघत राहतात. मोटर फिरते, तिच्या दांड्यावरचे उंचवटे टिपऱ्यांना उचलतात, नगारा वाजतो, झांज वाजते, घंटा वाजते. “मॅडम, हा सीक्वेन्सर आहे,” आरती संपता संपता ते माझ्या कानाशी म्हणाले. “फक्त प्रोग्रॅम बदलता येत नाही. आरती गणपतीची असो की देवीची, ठेका तोच!”

मी इंग्रजी आणि संवादकौशल्य शिकवते. यंत्रांशी माझा संबंध मिक्सरपुरता. पण माझी खोली त्यांच्या प्रयोगशाळेला लागून आहे, आणि सरांना श्रोता लागतो.

दरवर्षी पहिल्या तासाला ते पीएलसीच्या जन्माची कथा लावतात. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून ती मला पाठ झालीय. अमेरिकेत मोटारींच्या कारखान्यांत तेव्हा भिंतीच्या भिंती रिलेंनी, म्हणजे विजेनं चालू-बंद होणाऱ्या स्विचांनी, भरलेल्या असत. गाडीचं मॉडेल बदललं की यंत्रांचा क्रम बदलायचा, आणि क्रम बदलायचा म्हणजे हजारो तारा सोडून पुन्हा जोडायच्या. जनरल मोटर्सच्या गिअरबॉक्स बनवणाऱ्या विभागानं १९६८ साली सांगितलं, आम्हाला असं काहीतरी द्या की तारा तशाच राहतील आणि क्रम बदलेल. तिकडे डिक मॉर्ले नावाच्या इंजिनिअरनं त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी अशाच यंत्राचा आराखडा कागदावर उतरवला होता. पुढे जे यंत्र तयार झालं त्याचं नाव मोडिकॉन ०८४, कारण मॉर्लेच्या कंपनीचा तो चौऱ्याऐंशीवा प्रकल्प होता. आणि त्याची भाषा मुद्दाम अशी ठेवली की कारखान्यातल्या वायरमनला नवीन काही शिकावं लागू नये. दोन उभ्या रेघा, मधे आडव्या पायऱ्या, पायरीवर स्विच आणि शेवटी कॉइल. वायरमन रिलेचं जे चित्र काढत होता तेच. त्याला लॅडर म्हणतात.

या कथेतला एक तपशील सर दरवर्षी घाईघाईनं उरकतात. मॉर्लेनं तो आराखडा लिहिला तेव्हा त्याला आदल्या रात्रीच्या पार्टीची पुरती उतरलेली नव्हती, हे त्यानंच सांगून ठेवलंय. “त्या दिवशी त्यांची प्रकृती जरा बरी नव्हती,” एवढं म्हणून सर पुढे जातात. मग येते आर्डुइनोची पाळी. तो छोटा निळा बोर्ड २००५ साली इटलीतल्या इव्हरेआ गावी जन्मला, इंजिनिअर नसलेल्या विद्यार्थ्यांना हाताळता यावा म्हणून, आणि त्याचा सगळा नकाशा सर्वांना मोकळा ठेवला. कुणीही बघावा, कुणीही बनवावा. त्याचं नाव ठेवलं ते तो बनवणारी मंडळी जिथे बसत त्या बारवरून. बारचं नाव पडलं होतं हजारेक वर्षांपूर्वीच्या एका राजावरून. सर फक्त राजाचं सांगतात. मागच्या बाकावरच्या कुणीतरी एकदा मोबाईलवर शोधून विचारलंच, “सर, म्हणजे दोन्ही शोध पिण्यातून लागले?” सरांनी माळेला हात लावला आणि म्हणाले, “शोध जागेवर लागत नाही, डोक्यात लागतो. चहा प्यायचा असेल तर कँटीन उघडं आहे.”

तर कपाटातला पीएलसी मिळत नाही म्हणून सरांनी स्वतःच एक करायला घेतला. आर्डुइनोची स्वस्तातली नक्कल पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणली. नक्कल म्हटलं की ते चिडतात. “नकाशा मोकळा आहे, तर नक्कल कसली? फक्त नाव त्यांचं लावायचं नाही.” त्यातल्या चिपची तात्पुरती स्मरणशक्ती दोन किलोबाइट. मला सकाळी व्हॉट्सअॅपवर येणारा ‘शुभ प्रभात’चा एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. पण एक लिफ्ट किंवा चौकातले सिग्नल चालवायला तेवढी पुरते म्हणे. बाकी माणसं एवढ्याशा जागेत काय काय करू शकतात, हे चाळीत वाढलेल्या सरांना कुणी सांगायला नको.

वरून चढवायचा प्रोग्रॅमही फुकटचाच, ओपनपीएलसी नावाचा. थियागो आल्व्हेस या ब्राझीलच्या माणसानं तो सुरू केला. त्यात पडद्यावर लॅडर काढायची, ती आतल्या आत सी भाषेत जाते आणि बोर्डावर उतरते. १९९३ साली पीएलसीच्या भाषांचं आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलं तेव्हा त्यात लॅडर धरून पाच भाषा मान्य झाल्या. मी एका भाषेवर वीस वर्षं घालवली आणि मुलं अजून ‘आय अॅम हॅविंग’च्या वळणानं बोलतात, त्यामुळे पाच भाषांचा आकडा ऐकून मी गप्पच बसले.

खरी मेहनत बोर्डाबाहेर होती. कारखान्यात बटणं आणि सेन्सर चालतात २४ व्होल्टवर, आणि हा बोर्ड ५ व्होल्टचा. चोवीस थेट आत सोडले तर धूर. म्हणून मधे ऑप्टोकपलर बसवायचा. चार पायांचा काळा तुकडा, चिल्लरमध्ये येतो. माझ्या समोरच सर तो एका मुलीला समजावत होते. “सासू आणि सून बोलत नाहीत, असं समज. मधे भिंत. सासू तिकडून खिडकीत दिवा लावते, सून इकडून बघते आणि चहा ठेवते. सासूकडे कितीही आदळआपट झाली तरी सुनेच्या घरातलं भांडं फुटत नाही. हा ऑप्टो. आतमध्ये एक एलईडी आणि समोर त्याला बघणारा ट्रान्झिस्टर, मधे तार नाही.” मुलगी म्हणाली, “सर, आणि हा २.२ किलो-ओहमचा रेझिस्टर?” सर म्हणाले, “तो सासरा. सासूला १० मिलिअँपिअरच्या आसपासच ठेवतो.” हे मी घरी जाऊन सांगितलं नाही.

बाहेर जाणाऱ्या बाजूलाही तीच काळजी. बोर्डाच्या एका पायातून २० मिलिअँपिअरच्या आसपास घ्यावेत, जास्त ओढले तर तो मरतो. म्हणून मधे यूएलएन २००३ नावाची चिप, तिच्यापुढे रिले, रिलेपुढे काँटॅक्टर म्हणजे मोठ्या भाराचा रिले, आणि मग कुठे मोटर. प्रत्येक इनपुटला एक हिरवा आणि प्रत्येक आउटपुटला एक लाल दिवा. हे सगळं बसवलं घरगुती एमसीबीच्या प्लास्टिकच्या खोक्यात, कारण त्यात ३५ मिलिमीटरची पट्टी आयतीच मिळते. झाकण काढून टाकलं आणि फुटक्या फोटोफ्रेमचं अॅक्रिलिक बसवलं. आतलं सगळं दिसलं पाहिजे हा हट्ट. पुढे तेही स्क्रू काढून बाजूला ठेवलं गेलं.

मुलांनी पहिल्याच सत्रात तीन ऑप्टो, दोन रिले आणि एक अख्खा बोर्ड जाळला. सरांचा चेहरा बघण्यासारखा होता. इतकं प्रसन्न मी त्यांना पगारवाढीच्या दिवशीही पाहिलेलं नाही. जळलेला बोर्ड त्यांनी नाकाशी नेला, वास घेतला आणि वर्गाला विचारलं, “कुणी जाळला ते नको. कसा जाळला ते सांगा.” कपाटातल्या पीएलसीला हा प्रश्न विचारायची सोय नव्हती.

त्यांची तोंडी परीक्षा मी एकदा बाहेरून बघितली. मुलानं मोटरचं सुरू-बंद जोडून ठेवलं होतं. हिरवं बटण दाबलं, मोटर फिरली, बोट काढलं तरी फिरत राहिली. लाल दाबलं, थांबली. मुलगा खूष. सर म्हणाले, “छान. परत चालू कर.” मोटर फिरायला लागली आणि सरांनी खिशातून कटर काढून लाल बटणाची तार खटकन कापली. मोटर फिरतच राहिली. मुलानं लाल बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग दोन्ही हातांनी दाबलं.

“उंदरानं कुरतडली,” सर म्हणाले. “आता?”

बंद करायचं बटण नेहमी जोडलेल्या स्थितीत ठेवायचं असतं. तार तुटली की यंत्राला वाटलं पाहिजे, कुणीतरी थांब म्हणतंय. मुलानं उलटं केलं होतं. पुस्तकात हे एका ओळीत आहे, आणि ती ओळ सगळ्यांनी वाचलेली असते. त्या मुलाला शून्य मिळालं, पुढच्या आठवड्यात त्यानं स्वतःहून येऊन स्वतःच्याच तारा कापून दाखवल्या, आणि मग त्याला पैकीच्या पैकी मिळाले. सरांच्या प्रयोगशाळेत तारेचा खप मोठा आहे.

या खोक्यावरून स्टोअरकीपरशी रण पेटलं. वार्षिक पडताळणीत त्यांना टेबलावर हा खोका दिसला. डेडस्टॉक रजिस्टरात नोंद नाही. “बिल कुठंय?” बिल नाही, कारण असा खोका कुणी विकलेलाच नाही. “मग देणगी आहे का? देणगीपत्र?” देणगीही नाही. सुटे भाग तेवढे रजिस्टरात सापडले, रेझिस्टर, रिले, टर्मिनल, सगळे उपभोग्य वस्तूंच्या पानावर, शेरा ‘वापरून संपले’. म्हणजे कागदोपत्री तो कंट्रोलर केव्हाच संपलेला आणि टेबलावर मात्र चौकाचे सिग्नल लावत बसलेला. स्टोअरकीपर म्हणाले, मग याचं निर्लेखन करून टाकू. पण निर्लेखनासाठी आधी नोंद लागते. शेवटी ‘विद्यार्थ्यांनी केलेले काम, मूल्य निरंक’ असा शेरा मारून दोघांनी चहा घेतला. सरांना तो शेरा फार आवडला. त्याची झेरॉक्स त्यांनी खोक्यावर चिकटवलीय.

एमआयडीसीतले एक कारखानदार मुलाच्या प्रवेशासाठी आले होते, त्यांनी खोका बघितला आणि डोळे चमकले. “सर, आमच्या हायड्रॉलिक प्रेसला एक करून द्या की. कंपनीचा घ्यायचा म्हणजे केवढ्याला पडतो!”

“नाही.”

“का? चालतो ना?”

“चालतो. पण तुमच्या प्रेसखाली माणसाचा हात असतो.”

मग सरांनी त्यांना खुर्चीवर बसवून तासभर ऐकवलं. खरा पीएलसी महाग का, तर उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये, तेलकट धुळीत, शेजारी वेल्डिंग चालू असताना वर्षानुवर्षं चुकणार नाही याच्या चाचण्या देऊन तो आलेला असतो. आणि तो असला तरी आणीबाणीचं ते मोठं लाल बटण त्याच्या भरवशावर सोडायचं नाही, त्यानं थेट वीजच तोडली पाहिजे. “माझा खोका चुकतो म्हणून तर शिकवायला बरा आहे,” सर म्हणाले. पैसे सोडणारा माणूस बघून कारखानदार जरा घाबरलेच. प्रवेश मात्र त्यांनी इलेक्ट्रिकललाच घेतला.

सरांच्या खोक्याला जनतेसमोर यायची संधी दिली ती गणपतीनं. सरांचे जुने विद्यार्थी ज्या मंडळात आहेत त्यांनी हलता देखावा केला होता, कुंभकर्णाला उठवण्याचा. वीस फुटी कुंभकर्ण, पोटात भंगारातल्या गाड्यांच्या वायपरच्या मोटरी. आधी ढोलवाले राक्षस हलायचे, मग हॅलोजनचे झोत पडायचे, झोत पडले की कुंभकर्ण एक डोळा उघडून हळूहळू उठायला लागणार, झोत विझले की ताठ बसणार आणि गडगडाटी आवाजात जांभई देणार. क्रम सगळा खोक्यावर. मुलांनी मोठ्या मानानं सरांना बोलावलं, सरांनी मला आणि मी घरच्यांना.

ढोल वाजले. झोत पडले. कुंभकर्ण कोपरावर उठला, झोत विझले, आणि तो धपकन आडवा झाला. पुन्हा पहिल्यापासून ढोल. पुन्हा तेच. कधी तो पूर्ण उठे, कधी अर्ध्यात कोसळे. गर्दी खदाखदा हसायला लागली. मंडळाच्या अध्यक्षांना घाम फुटला, कारण पाहुणे म्हणून नगरसेवक आले होते. मुलं खोक्याकडे धावली. सरांनी हात आडवा केला.

“हात लावू नका. आधी बघा. हा कधी झोपतो?”

“सर, उठताना झोपतो.”

“नेहमी?”

“नाही, कधी कधी.”

“मग बघा अजून.”

अध्यक्ष रडकुंडीला आले. “अहो सर, आरती खोळंबलीय आणि तुम्ही व्हायवा काय घेताय!”

चौथ्या-पाचव्या खेपेला ती रेझिस्टरवाली मुलगी ओरडली, “सर, झोत लागताना काही होत नाही. विझताना होतं! विझतात तेव्हा हा अर्ध्यात असतो.” सर इतके खूष झाले की त्यांनी अध्यक्षांच्याच पाठीवर थाप मारली. हॅलोजनचा भार मोठा म्हणून त्याला काँटॅक्टर होता. काँटॅक्टरची कॉइल बंद करताना तिच्यात साठलेली शक्ती उलटा झटका मारते, तो झटका तारांतून फिरत बोर्डापर्यंत पोचतो, बोर्ड दचकतो आणि नव्यानं सुरू होतो. नव्यानं सुरू म्हणजे सगळे आउटपुट बंद. सगळे आउटपुट बंद म्हणजे कुंभकर्ण आडवा. छोट्या रिलेंना उलटे डायोड मुलांनी आठवणीनं लावले होते, हा एसीवरचा मोठा काँटॅक्टर मात्र शेवटच्या दिवशी कुणीतरी आणून जोडला होता. एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर, दोन्ही सरांच्या खिशात होतेच. कॉइलवर आडवे जोडले. कुंभकर्ण शिस्तीत उठला, बसला, जांभई दिली.

आणि लोक पांगायला लागले.

दोन खेळ असे नीट झाल्यावर अध्यक्ष खालच्या आवाजात सरांकडे आले. “सर, ते मघाचं कसं केलं होतं? तो पडायचा ते? पब्लिकला तेच पाहिजे.”

माझी अपेक्षा होती की सर भडकतील. त्यांनी लॅपटॉप मागवला. मुलांनी मांडवामागच्या सतरंजीवर बसून दोन पायऱ्या वाढवल्या, एक काउंटर टाकला. पहिल्या दोन वेळा उठता उठता झोपायचं, तिसऱ्यांदा उठायचं. प्रोग्रॅम खोक्यात चढला आणि सर माझ्याकडे वळून इतक्या मोठ्यानं म्हणाले की स्पीकरवरचं गाणं थांबलंय की काय असं वाटावं, “मॅडम, बघितलंत? एक तार हलवली नाही! एक तार!” जनरल मोटर्सला १९६८ साली नेमकं काय पाहिजे होतं ते मला त्या चिखलात उभं राहून समजलं. नगरसेवकांनी त्या रात्री तीन खेळ बघितले.

त्यानंतर दोन-तीन मंडळांनी विचारणा केली. सरांनी खोका दिला नाही, नकाशा दिला. बाजारातल्या वस्तूंची यादी, लॅडरची फाइल, आणि खाली टीप, ‘जळल्यास कळवावे’. बऱ्याच जणांनी कळवलं.

आमच्याकडे दिवाळीला नवं वॉशिंग मशीन आलं. ही बातमी स्टाफरूममध्ये कुणी फोडली ते ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी सर चहाचा कप घेऊन शेजारी बसले.

“मॅडम, मशीन घेतलंत म्हणे. छान झालं. पाणी भरा, घुसळा, सोडा, पिळा. सगळा सीक्वेन्सच की तो. आतला बोर्ड कसाय?”

“मी कशाला बघू आतला बोर्ड?”

“नाही, सहज. गॅरंटी किती आहे?”

“दोन वर्षं.”

सरांनी खिशातून छोटी डायरी काढली, दोन टेस्टर बाजूला सारून पेन शोधलं, आणि तारीख लिहून घेतली.